तुलनेचा चिखल

३ मार्च, मंगळवार

सगळे आकडे खाली आले. नदी समुद्राला मिळते तिथले पाच फाटे, पाचही फाट्यांचा गाळ, शिसं आणि कॅडमियम – सगळीकडे 'धोका कमी'. सर खूश. भट्टीवाला (गाळ आम्लात उकळतो तो, प्रयोगशाळेत त्याला दुसरं नाव नाही) म्हणाला, "कारखान्यांच्या नाल्याखालचासुद्धा कमी? बाई, तुमचा स्वच्छ चिखल भलताच उदार दिसतोय."

तेव्हा हसले.

४ मार्च

धोका मोजायचा म्हणजे भागाकार. फाट्यातला गाळ भागिले कुणी न बिघडवलेला चिखल. तो तुलनेचा चिखल मीच आणला – आमच्या घरामागच्या फाट्यातला. काठावर कारखाना नाही, बोटी नाहीत, पाणी जवळजवळ थांबलेलं. लहानपणी आम्ही त्यात लोळलोय. त्याहून स्वच्छ काय असणार?

आज त्याचा नुसता आकडा पाहिला, भागाकाराशिवाय. नाल्याखालच्या फाट्याइतकाच.

पाणी थांबतं तिथेच बारीक गाळ बसतो, आणि धातू चिकटतात ते बारीक गाळालाच. भरती नदीतलं सगळं आत आणून ठेवते. हे मी मुलांना शिकवलंय!

दादा त्याच फाट्यातले शिंपले काढून विकतो. वहिनीला सातवा आहे.

५ मार्च

ताटातले शिंपले बाजूला काढले. "पोट बिघडलं का गं?" – वहिनी. हो म्हटलं. तूही नको खाऊस, या दिवसांत जड पडतात.

दादा म्हणाला, "आईची चार बाळंतपणं यांच्यावरच झाली. त्यातलीच तू एक. अक्कल तेवढी जरा जास्त झालीय."

वहिनी हसली. माझे शिंपलेही तिनेच खाल्ले.

९ मार्च, सोमवार

सरांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. बस म्हणाले. "वर टेकडीपाशी जा, भरती पोचत नाही तिथला चिखल आण, पुन्हा भागाकार कर. अहवाल शुक्रवारी जायचाय. पण समजून-उमजून कर. धोका जास्त निघेल तिथले शिंपले बंद होणार. तुमचा फाटा पहिला." मग हळू आवाजात, "नाही केलंस तरी मी विचारणार नाही."

एवढं बोलले नसते तर बरं झालं असतं.

१० मार्च

टेकडीचा चिखल आणला, उकळला. आमचा फाटा नऊपट.

आता दोन्ही उत्तरं तयार आहेत. पाठवायचं एक.

घरभर फाट्याचा वास. इतकी वर्षं कधी जाणवला नव्हता.

११ मार्च

दादाला सांगितलं. नाल्याचं, भरतीचं, बाळाचं, अहवालाचं. तो टोपलीचा काठ बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "दुसरं काय येतं मला?"



१२ मार्च, गुरुवार

वहिनी म्हणाली, "आजपासून घरात शिंपले शिजवायचे नाहीत म्हणे. ह्यांनीच सांगितलं. काय झालंय काय तुम्हा दोघांना?" दादा तिच्यामागे उभा होता. माझ्याकडे बघत. डॉक्टर म्हणाले, असं मी सांगितलं.

सुटल्यासारखं वाटलं. वहिनीपुरतं.

दादा रोजच्यासारखा बाजारात गेला.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी दादाला टोपली उचलू लागले. मोठे शिंपले त्याने फडक्यात वेगळे बांधले होते. कुणाचे, म्हणून विचारलं.

"शाळेतल्या बाईंचे. रोज लागतात त्यांना. त्यांनाही सातवाच –"

बोलता बोलता थांबला. टोपली मात्र खाली ठेवली नाही. मीही माझी बाजू सोडली नाही. दोघांनी मिळून ती सायकलवर चढवली.

त्याच दिवशी, दुपारी

अहवाल गेला. टेकडीचा चिखल धरून. बंद करायच्या फाट्यांत आमचा पहिला.

दादाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. बाजारात जाते.