उजव्या बाजूला दादाभाऊ

बुधवार, १२ नोव्हेंबर

परत कोसळला!

कागदावरचा तारा. सकाळी उभा केला, जेवायच्या आत मध्यभागी दाब अनंत. संपलं! आइनस्टाईनची समीकरणं रिकाम्या जागेसाठी कधीच सुटलीत — उजवी बाजू शून्य, आत कुणी नाही, कटकट नाही. मला ती आत पदार्थ असताना सोडवायचीत. सरांचा पुण्याहून फोन — "महिनाअखेर तारा उभा राहिला नाही तर विषय बदला, तेजस्विनी." पीएचडीची चार वर्षं गेली, आणि विषय बदला म्हणे. शर्ट आहे का तो!

जेवताना गेणकाकांनी विचारलं, "अडलंय कुठं?" (काका यंदा पंचायत समितीला उभे राहतायत. सगळ्यांची चौकशी करतात.) म्हटलं, डावीकडे अवकाश किती वाकलंय ते, उजवीकडे त्यात काय भरलंय ते. उजवीकडचं जमत नाही.

"मंग सुटंल की! त्यात काय एवढं," म्हणाले आणि आमटी मागितली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वेशीत फ्लेक्स लागलाय. माझा! "आइनस्टाईनचे समीकरण सोडविल्याबद्दल अवसरी बुद्रुकची कन्या कु. तेजस्विनी हिचे हार्दिक अभिनंदन!" रविवारी सत्कार, अध्यक्ष माजी सरपंच दादाभाऊ.

घरी येऊन ओरडले, काका, अजून सुटलं नाही हो!

"अगं आज ना उद्या सुटनारच हाय. आचारसंहिता तुज्या ताऱ्यासाठी थांबनार हाय का? ती लागली की सत्कार बोंबलला!"

समीकरणसुद्धा छापलंय, माझ्या कागदाचा फोटो काढून. डावी बाजू अगदी बरोबर. पुढे बरोबरचं चिन्ह. आणि उजवीकडे — दादाभाऊ! फोटोंना जागा पुरेना म्हणून छापणाऱ्याने पदार्थाची बाजूच उडवली. तिथे दादाभाऊ, मोबाईल कानाला लावून, भोवती बाकीचे मान्यवर. म्हणजे विश्व वाकलंय ते ह्यांच्यामुळे. एकेकाची पोटं बघता अगदीच खोटं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डेअरीत दूध घालायला गेले तर टाळ्या. महाळुंगे पडवळहून मंगलमावशीचा फोन — "टीव्हीवर कवा दावनार?" मेले लाजेने.

आई भाकऱ्या थापत होती. विचारलं, स्टेजवर खरं सांगू का? "सुटलंय का तुजं?" नाही. "मंग शाल तुजी न्हाई अजून," म्हणाली. रडूच आलं मला. चुलीच्या धुराचं निमित्त केलं.

उद्या माईकवर सांगून टाकायचं. बास.

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं! चक्क माईकवर — "समीकरण सुटलेलं नाही." मग टाळ्याच टाळ्या! दादाभाऊंनी माईक ओढला, "बघा राव, एवढं करून पोरीला गर्व न्हाई!" आणि शाल घातली.

मग फोटो. फोटोवाला सुभाष ओरडतोय, "दोन रांगा करा! मागं सरका!" मागं कोण सरकतंय! जो तो कडेनं आत घुसतोय. पुढून-मागून कुणाचा रेटा नाही, सगळा बाजूंनी. मी मधे, नारळ पोटाशी धरून. तेवढ्यात पायाखालची फळी कडाडून मोडली — आणि कुणीच पडलं नाही! एकमेकांत असे आवळलेलो की आख्खी रांग अधांतरी. दादाभाऊ तर हसऱ्या तोंडानंच लटकत होते.

आणि तिथे लटकल्या-लटकल्या डोक्यात आलं — अगं बये! आपण ताऱ्यातला दाब सगळ्या दिशांनी सारखा धरलाय! पहिल्या दिवशी सोपं जावं म्हणून धरला, तो धरलाच. कुणी सांगितलंय सारखा? आतून बाहेर ढकलणारा वेगळा, बाजूंचा वेगळा!

शाल तिथेच टाकून पळत घरी आले. काका मागून ओरडत होते, "आभार ऱ्हायलंय अजून!"

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आचारसंहिता लागली. ग्रामपंचायतीच्या माणसाने फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांवर कागद चिकटवले. समीकरणावर कुणाचा आक्षेप नाही. आता डावी बाजू, बरोबर, कोरा कागद. झालं, माझी खरी परिस्थिती वेशीला टांगली.

रविवार, २३ नोव्हेंबर

मध्यावरचा दाब आवाक्यात आला! पण पृष्ठभागावर शून्य होत नाही. मेल्या, हो ना!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

उभा आहे. पुन्हा पुन्हा तपासला. मध्यावर दाब आवाक्यात, पृष्ठभागावर शून्य, बाहेरच्या रिकाम्या जागेशी सांधा बेमालूम. उजवी बाजू भरलेली आणि तारा उभा! सरांना पाठवलाय. दर दोन मिनिटांनी फोन बघतेय.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सरांचा फोन — "बरोबर आहे. विषय बदलू नका."

ओरडतच घरात शिरले, सुटलं! काका प्रचाराला निघालेले. "परत?" म्हणाले आणि गाडीला किक मारली. आजोबांनी पेपरातून मान वर केली, "ते मागंच झालं ना, आयतवारी?"

आई हात पुसत उठली. कपाटातून शाल काढली — स्टेजवरून उचलून ठेवली होती तिने. माझ्या खांद्यावर घातली आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या.