पंचवीस रेघा

प्रिय रोशनी,

तेवीस, चोवीस, पंचवीस. नख पुन्हा खडूच्या खुणेवर आलं. दुपारपासून तिसऱ्यांदा मोजतो आहे. दांड्याभोवती एक पूर्ण फेरा आणि त्यात पंचवीस रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर. उजेडात तिरका धरला की डोळ्यांनाही दिसतात. हा मोतीलाल सेठच्या वर्कशॉपातला पंपाचा दांडा आहे. शहाण्णव साली नापास झालेल्या चाळीसांपैकी एक. एकोणचाळीस भंगारात गेले. हा मी नऊ वर्षं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. माझं पत्र पाहून तू ते फाडशील हे मला ठाऊक आहे. फाडू नकोस. यात तुझे बाबा आहेत.

त्यांचं ते अंगठ्याचं नख तुला आठवत असेल. तुझ्या आई, कुंताबाई, चिडवायच्या, बाईपरीस लंबं नख ठेवते हा मानूस. ग्राइंडिंग झालं की ते दांडा पुसायचे, डोळे मिटायचे आणि नख फिरवायचे. मोजायची उपकरणं माझ्याकडे होती. सेठने मला आयटीआयमधून घेतलं होतं ते तपासणीसाठी आणि नापास मालाचं रजिस्टर लिहायला. पण मी उपकरण लावायच्या आधी तुझ्या बाबांना, तानबाजींना, कळलेलं असायचं. म्हणायचे, नखाले लागलं नाई पाहिजे, धीरज. आज नखाले लागलं, उद्या पंपाले लागते. मी शिकलो ते त्यांच्याकडून. तुमच्या सावंगीच्या घरी जेवलो, तुझ्याशी बोलायला लागलो, तेही त्यांच्यामुळेच.

त्या फेब्रुवारीतला शनिवार तुला आठवतो तो वेगळा. माझा सांगतो. कुंताबाईंचा नवस होता, तुम्ही तिघं सकाळच्या बसने गिरडला गेलात. जाताना बाबांनी मला ग्राइंडिंगच्या मशीनवर दांडा घासणारं नवं चाक चढवायला सांगितलं. ते एकटं मी कधी केलं नव्हतं. चाक नुसतं चढवून चालत नाही. ते दोन सपाट पट्ट्यांवर आडवं टेकवायचं, जड बाजू आपोआप खाली येते, मग आतली वजनं थोडी थोडी सरकवायची. कुठेही सोडलं तरी चाक तिथेच थांबलं पाहिजे. दीड तासाचं काम. गिरडची एकची बस होती. मी वजनांना हात लावला नाही. चाक चढवलं, नट आवळले आणि स्टँडवर पळालो.

टेकडीवर तू मला पाहिलंस आणि हसलीस. पायऱ्यांवर तुझी ओढणी वाऱ्याने माझ्या हातावर येत होती. ते तुझ्याकडे राहू दे. त्याच पायऱ्यांवर बाबांनी मला विचारलं, चाक तोलून पाह्यलं का बे? मी म्हणालो, पाह्यलं. बस. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या हातात नारळाचा तुकडा दिला.

सोमवारी रेघा आल्या. आता पुढचं नीट वाच, कारण ते तुम्हाला घरी कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी हिऱ्याचं टोक फिरवून चाकाचं तोंड साफ केलं. रेघा. दांड्याचा वेग उतरवला. रेघा. दांडा गार ठेवणारं साबणाचं पाणी बदललं, टाकी स्वतः घासली. दांडा धरणारी दोन्ही टोकं काढून पाहिली, पट्टा बदलला, मशीनच्या पायाखालचे बोल्ट आवळले. दोन दिवस. मी बाजूला उभा होतो. एकदा मी हळूच म्हटलं, चाक पाहू का परत? तर म्हणाले, तू पाह्यलं म्हनला न? मंग ते नाई. दुसरं शोधू. जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांनी संशय घेतला, माझा शब्द सोडून.

मला मात्र सोमवारीच कळलं होतं. ते हाताने आणि कानाने काम करायचे, मोजणी मला आयटीआयने शिकवली होती. दांडा एक फेरा घेतो तेवढ्यात ते चाक पंचवीस घेतं. जड बाजू दर फेऱ्याला एक रेघ उमटवते. पंचवीस फेरे, पंचवीस रेघा. दुसरं कारण असूच शकत नव्हतं.

बुधवारी सेठने रजिस्टर मागितलं. चाळीस दांडे, कारणाचा रकाना रिकामा. चाकाची थरथर असं लिहायचं होतं. चाक लिहिलं असतं तर कोणी चढवलं हा पुढचा प्रश्न होता. मी नुसतं थरथर लिहिलं. सेठ सुट्या भागांच्या धंद्यातला माणूस, मशीनमधलं त्याला काही कळत नव्हतं. त्याने तो शब्द वाचला आणि विचारलं, किसकी थरथर? तानबाच्या हाताची का? उमर झाली का आता त्याची? मी रजिस्टरकडे पाहत राहिलो. त्या मशीनवर चाक आपोआप पुढे सरकतं, माणसाचा हात थरथरला तरी दांड्यावर सारख्या अंतराने रेघा येत नाहीत. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तानबाजी दारातच उभे होते. त्यांनी उजवा हात वर करून पाहिला. उलटा करून पाहिला. म्हणाले, असन भाऊ. मले तं दिसत नाई.

शुक्रवारी त्यांना काढलं. शनिवारी मी चाक उतरवलं आणि दीड तास बसून तोललं. सोमवारी पहिलाच दांडा आरशासारखा निघाला. सेठ सगळ्यांना दाखवत फिरला, पाहा, हात बदलला अन् काम सुधरलं. मला त्यांची जागा मिळाली. ही बातमी सावंगीला पोचली तेव्हा बाबांनी नख कापलं असं कुंताबाईंनी मला बाजारात सांगितलं. त्या हसत होत्या.

मी तुमच्या घरी येणं बंद केलं. मग तुझा निरोप आला: कामावरून काढलेल्या माणसाची पोरगी नको होती तर तोंडावर सांगायचं होतं. मी उत्तर दिलं नाही. तुला ते खरं वाटणं माझ्या सोयीचं होतं. लग्न करून रोज त्यांच्यासमोर जेवायला बसण्यापेक्षा तू मला हलकट समजणं सोपं होतं.

गेल्या मंगळवारी कुंताबाईंनी बोलावलं म्हणून मी तानबाजींना दवाखान्यात घेऊन गेलो. तू यवतमाळला, तुला कळवू नको म्हणाल्या. त्यांचा उजवा हात आता खरोखर थरथरतो. कप धरवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून? तानबाजी म्हणाले, शहाण्णव सालापासून. कामावर पयल्यांदा दिसलं. मले नाई समजलं, सेठले समजलं. डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहून घेतलं. मी शेजारी बसलो होतो, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. त्या कागदावर खोटं लिहिलं जाताना मी दुसऱ्यांदा गप्प राहिलो.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, हाताचं तुह्या ध्यानात आलतं न बे तवा? काऊन नाई बोलला? मी आपनहूनच काम सोडलं असतं.

म्हणून हे पत्र. क्षमा मागायला नाही, ती तू करू नयेस. उद्या सकाळी हा दांडा घेऊन मी सावंगीला जाणार आहे. तिथे पोचेपर्यंत मी काय करतो ते मला माहीत आहे. चौकातून परत फिरतो. नऊ वर्षांत सांगायला निघून तीनदा फिरलो. यावेळी सगळं आधी तुला लिहून ठेवलं आहे, म्हणजे परत फिरायला जागा उरणार नाही.

तुझाच असं लिहायची सोय मी ठेवली नाही.

धीरज

ता. क. सकाळी गेलो. सगळं सांगितलं, गिरडच्या पायऱ्यांपासून. तानबाजींनी दांडा मांडीवर घेतला आणि अंगठा फिरवला. अंगठा थरथरत होता, रेघ कुठली आणि थरथर कुठली ते त्यांना कळेना. दांडा परत देऊन म्हणाले, चाकाचा दोष असता तं मले समजला असता. तू पाह्यलं म्हनला होता. माह्यासाठी आता खोटं बोलू नोको, बेटा. कुंताबाईंनी चहा दिला. तो पिऊन पोस्टात आलो.