डावा डोळा

पेण, गुरुवार, १४ ऑगस्ट १९९७

माझ्या गणपतीच्या पोस्टरला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. सर म्हणाले, डोळे काय जिवंत काढलेत! उजवा डोळा माझा नाहीच. कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला बसण्याआधी बाबा हात बसावा म्हणून कागदावर एक डोळा काढतात. तोच कागद मी उचलला आणि स्कॅन केला. आणि डावा? तोच कॉम्प्युटरवर उलटा करून चिकटवला. सरांना का नाही सांगितलं मी?

संध्याकाळी बाबांना प्रिंट दाखवली. हसले. "उजवा माझा हाय, व्हय ना? असू दे." मग कितीतरी वेळ डाव्याकडेच बघत राहिले. "हा तू काढलास गो? अगदी माझा हात आलाय तुला."

मी "व्हय" म्हटलं.