मेकची कोकरं, टेकची कोकरं

२ नोव्हें. ८७
सुपरवायझरची जागा निघाली. कंपनीतूनच भरणार. मशीन मला तोंडपाठ, अडचण एकच: शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत, मुलाखतही इंग्रजीत. तीन आठवडे हातात आहेत. बजाजनगरच्या खोलीतला माझा पार्टनर साळवे बी.ए. इंग्लिश, आमच्याच स्टोअरमध्ये खोकी उचलतो. म्हणाला, "शिकवतो. रोज एक तास. भांडी तुझ्याकडं." कबूल.

५ नोव्हें.
मराठीत सगळं 'करणे'वर भागतं. चूक करतो, काम करतो, तक्रार करतो. इंग्रजीत चूक 'मेक'ची, काम 'डू'चं. सुट्टी 'टेक'ची, चार्जही 'टेक'चा. का? साळवे म्हणतो, "का इचारू नको. जोड्या हायेत, वळखायच्या." घोकंपट्टी केली. सकाळी निम्मं साफ.

८ नोव्हें.
सुट्टी. घरी, फुलंब्रीला. संध्याकाळी मेंढरं परतली, आबांनी कोंडलेली कोकरं सोडली. दुसरीचं पिल्लू जवळ आलं की मेंढी ढुशी देऊन हाकलते. घोळ नको म्हणून आबा आईला आणि पिल्लाला एकाच रंगाचा ठिपका लावतात. बघता बघता डोक्यात ट्यूब पेटली. आबांना सांगितलं, माझे इंग्रजी शब्दही असेच आया चुकतात. "व्हय, मग तुझ्या बी मेंढ्यांला रंग लाव की. त्यात काय लई अवघड?"

१० नोव्हें.
जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या केल्या. पुढं शब्द, मागं त्याच्या आईचा रंग: मेक लाल, टेक निळा, डू हिरवा. सगळ्या मिसळायच्या आणि ज्याचं कोकरू त्याच्या आईपाशी सोडायचं. साळवे हसून लोळला. म्हणे, "तीन वर्षं कॉलेजात गेली, असं कुणी शिकवलं नाय." आज फोरमनला ऐकवलं, 'आय टुक चार्ज ॲट सेव्हन.' बघतच राहिला. जागा माझीच.

१५ नोव्हें.
साळवे परवा विद्यापीठ नामांतराच्या मोर्चाला गेला, तो परतलाच नाही. पोलिसांनी आत ठेवलंय. डबा घेऊन गेलो. गजाआडून त्यानं परीक्षा सुरू केली. "लीव्ह?" "टेक." "मिस्टेक?" "मेक." शिपाई आम्हां दोघांकडं वेड्यांकडं बघावं तसा बघत होता. मी निघताना साळवे म्हणाला, "मुलाखतीत माझं नाव काढू नको. पुस्तकातून शिकलो म्हण." सकाळी माझे चुलतेही गावाहून येऊन हेच सांगून गेले होते, जरा वेगळ्या शब्दांत. ते शब्द इथं लिहीत नाही.

१९ नोव्हें.
साळवे सुटला. कामावर घेतलं, पण खाडे धरले आणि वर दम दिला. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या म्हणतो, "चिठ्ठ्या काढ."

२४ नोव्हें.
मुलाखत. फाडफाड बोललो. एकही कोकरू चुकलं नाही. मॅनेजर खूश. उठता उठता त्यांनी मराठीत विचारलं, "इंग्रजी कुणी शिकवली?" तोंडातून गेलं, "पुस्तक वाचून, सर." "शाब्बास."
खोलीवर साळवेनं खिचडी टाकली होती. काय विचारलं, काय बोललो, सगळं सांगितलं, तेवढं सोडून. त्यानंही विचारलं नाही. नाव घेऊ नको म्हणाला तो त्याचा मोठेपणा, मी ऐकलं तो माझा भित्रेपणा. लाज वाटते.

२५ नोव्हें.
शिफ्टच्या आधी थेट केबिनमध्ये.
"सर, काल खोटं बोललो. साळवेनं शिकवलं. स्टोअरमधला."
"तो मोर्चावाला?"
"हो."
मॅनेजरनी चष्मा काढला. "हे सांगायला आलास?"
म्हटलं, हेच. त्यांनी माझा अर्ज काढून त्यावर काहीतरी लिहिलं. मला उलटं दिसत होतं, वाचता आलं नाही. "जा कामावर." गेलो. दिवसभर एक पीस वाया गेला नाही.

२८ नोव्हें.
साळवेला आज सांगितलं. भडकला. "कुणी सांगितलं होतं शहाणपण? घालवली ना हातची जागा?" म्हटलं, गेली तर गेली, काम मला येतं, पुढची माझी. पण जाणार नाही असं अजून वाटतं.
तो स्टोव्हला पंप मारायला बसला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "पूर्ण नाव सांगितलं का नुसतं साळवे?"
"नुसतं साळवे."
"पूर्ण सांगायचं होतं."
यादी सोमवारी गेटवर लागते. दोघं मिळून बघायला जाणार.