थंड पाण्याचा गठ्ठा

४ नोव्हेंबर

माझं आयुष्य नेमकं कधी बदललं, असं कुणी विचारलं तर मी सांगू शकतो. आज दुपारी, मामांच्या लाँड्रीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या तिने दाताने दोरा तोडला, तेव्हा. तोपर्यंत मी कॉलेज अर्धवट सोडून मामांच्या गळ्यात पडलेला भाचा होतो. आता कोण आहे ते कळायचंय, पण ही वही मात्र विकत घेतली.

ती रफू करते. तिच्या सुईत कायम हिरवा दोरा ओवलेला असतो आणि काम नसलं की ती सुई कॉलरमध्ये खोचते. हिरवं दिसलं की सुई हरवत नाही म्हणे. मी उगाच शहाणपणा करत म्हटलं, माझंही काहीतरी फाटलंय. वर न बघता ती म्हणाली, कॉलेज, आधी फाटलेलं आणि ढिलं यांतला फरक शिकून घे. तेव्हापासून इथे माझं नाव कॉलेज.

मामींनी माडीवरची खोली झाडून दिली आहे. खिडकीखाली मोठा रस्ता. मागे भट्टी, कढत पाण्याची वाफ, ओल्या कापडाचा वास. मामा म्हणाले, भांडखोर पोराला इस्त्री चांगली जमते, दाबून धरायची सवय लागते. मी इथे सुखी होणार असं दिसतंय.

९ नोव्हेंबर

आज साहेबांना जवळून पाहिलं. सैन्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. गोळ्या सुरू असताना स्वतःच्या तुकडीतली जखमी पोरं पाठीवर घालून आणली, ही गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. शाळेचं मैदान त्यांनीच दिलंय. रोज सकाळी ते काठी टेकत फेरी मारतात आणि अख्खा रस्ता दारात उभा राहतो. न्हावी साबणाच्या ब्रशासकट, बेकरीवाला पिठाच्या हातांनी.

माझ्यासमोर थांबले. कॉलेज का सोडलं, विचारलं. मी खरं सांगून टाकलं, प्राध्यापकांशी कडाक्याचं भांडलो आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. ते हसले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, रागाला वळण लाव, त्याचंच शौर्य होतं. माझ्या टाचा आपोआप जुळल्या. दिवसभर तरंगत होतो.

ती उठली नव्हती. मी कारण विचारलं. तिची ताई साहेबांच्या बंगल्यावर कामाला होती. गेल्या हिवाळ्यात ती कुणाबरोबर तरी पळून गेली, असं साहेबांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. त्यानंतर ताईचा निरोप नाही, फोन नाही. इथे एक विनोद चालतो, साहेबांकडे बाई टिकत नाही, शिस्त सोसत नाही. मामाही तो करतात. आज केला तेव्हा मी हसलो. ती सुई टोचावी तशी बघत होती.

साहेबांचे पांढरे कपडे राखाडी पिशवीतून येतात. त्यांना मामांशिवाय कुणी हात लावायचा नाही. वेगळं पीप, थंड पाणी, मूठभर मीठ. का, विचारलं तर म्हणाले, पहिल्यापासून असंच चाललंय.

१६ नोव्हेंबर

घोळ करून ठेवलाय. मामा मामींना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. पिशवी आलेली. म्हटलं, मामांचं काम हलकं करू, तिलाही दिसू दे की कॉलेज अगदीच बिनकामाचा नाही. कपडे सरळ भट्टीच्या कढत पाण्यात घातले, वर साबण.

एका शर्टाची बाही तपकिरी होऊन बाहेर आली. मनगटापासून कोपरापर्यंत. घासघास घासली, डाग हलेना. तिने ती बाही उजेडात धरली, डाग नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाली, रक्त आहे. थंड पाण्याने जातं, कढत पाण्याने पक्कं होतं. नंतर म्हणाली, तुझ्या मामांना हे माहीत आहे.

मामा आले. बाही बघून त्यांचा चेहरा उतरला. कसला डाग, असं त्यांनी विचारलं नाही. कुणी पाहिला, एवढंच विचारलं. मग म्हणाले, दाढी करताना कापलं असेल. मी म्हटलं, कोपराने दाढी करतात का? मामांनी आजवर माझ्यावर हात उगारला नव्हता. आज उगारला, आणि अर्ध्यातच खाली घेतला.

१७ नोव्हेंबर

शर्ट तिने स्वेटरच्या आत घालून नेला. मी सोबत. चौकीतला अधिकारी तरुण आहे, नुकताच बदलून आलेला, सकाळी कुणासाठी उभं राहायचं हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही. म्हणून त्याने ऐकलं. शेवटची मोलकरीण केव्हा गेली, एवढंच त्याने दोनदा विचारलं. ती मागच्या आठवड्यात गेली होती.

२१ नोव्हेंबर

बंगल्यामागची बाग खणली. साहेबांना धरून नेलं.

एक नाही. बऱ्याच जणी.

तिला ओळख पटवायला बोलावलं होतं. ताईच्या अंगावरच्या स्वेटरच्या कोपराचं रफू तिने स्वतः केलं होतं. ती म्हणाली, चांगलं रफू कुणाला दिसत नाही, पण करणारीला दिसतंच. रडली नाही. मीच चौकीच्या भिंतीला टेकून हुंदके देत होतो आणि तिने मला पाणी आणून दिलं.

२४ नोव्हेंबर

मला वाटलं होतं, आज रस्ता पेटेल. लोक त्या बंगल्याची वीट न् वीट उपसतील. मला वीट हातात घ्यायची होती.

लाँड्रीत गर्दी झाली, पण बोलणं ऐकून माझे कान किटले. न्हावी सांगत होता, साहेबांच्या मानेवर बऱ्याचदा ओरखडे असायचे, मी विचारायचो, मांजर पाळलंय वाटतं, आणि दोघं पोट धरून हसायचो. काय दिलदार माणूस. माळी म्हणाला, झाडांसाठी खड्डे खणायला लावायचे, झाडं आणायचे नाहीत, पण कष्टाचा मान ठेवायचे हो. डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. आठवणी म्हणून. कौतुकाने.

मी म्हटलं, अरे, ऐकताय का स्वतःचं?

न्हावी म्हणाला, मी फक्त तुरटी लावली. माळी म्हणाला, मी फक्त खणलं. आणि मामा, माझ्या आईचे सख्खे भाऊ, इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाले, आपण फक्त धुतो.

मेलेल्या बायकांचं नाव एकानेही विचारलं नाही. रात्री जेवताना मामी म्हणाल्या, कडक माणूस, राग येतो एखाद वेळी, त्या पोरींनीही उलट उत्तरं दिली असतील. मी ताट ढकलून उठलो.

३० नोव्हेंबर

साहेब कोठडीत आहेत आणि फेरीच्या वेळेला लोक दारात उभे राहतात. रिकाम्या रस्त्यासमोर. न्हावी ब्रश घेऊन, बेकरीवाला पिठाच्या हातांनी. माना सावकाश वळतात, डावीकडून उजवीकडे, कुणीतरी चालत जावं तशा. बरोबर आमच्या दारासमोर थांबतात. मग पुढे सरकतात.

मी खिडकीतून ओरडलो, कुणाला बघताय? सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. सगळ्यांचा चेहरा एकच. दुखावलेला. जणू खून मी केले.

आणि खरं लिहितो, माना आमच्या दारासमोर थांबल्या तेव्हा वर खोलीत माझ्या टाचा जुळल्या होत्या. मी पाय आपटून सोडवल्या.

१२ डिसेंबर

तिला बेकरीत पाव मिळत नाही. समोर भरलेली फळी, आणि संपला म्हणतात. घराच्या दारावर कुणीतरी शेण— नाही, लिहवत नाही. बायका तिला तोंडावर म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाला एका डागासाठी धुळीला मिळवलंस. डागासाठी. बाईसाठी नाही, बहिणीसाठी नाही. त्यांचं भांडण डागाशी आहे. आणि डाग पक्का केला मी, म्हणून माझ्याशी.

न्हाव्याची गचांडी धरली. चौघांनी मला सोडवलं, म्हणजे मारलं. शर्टाची बाही खांद्यापासून निघाली. तिने न सांगता ती शिवली. दोरा दाताने तोडून म्हणाली, या वेळी खरंच फाटलं होतं.

मी म्हटलं, चल, जाऊ इथून, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, साक्ष झाल्यावर. ताईसाठी बोलणारी मी एकटीच आहे, कॉलेज. त्यानंतर तू म्हणशील तिकडे. तिकडे, असं ती म्हणाली. मी ते अजून जपून ठेवलंय.

२८ डिसेंबर

तरुण अधिकाऱ्याची बदली झाली. शर्ट सापडत नाही. चौकीत ठेवला होता, कुलपात होता, सापडत नाही.

साहेबांना तब्येतीच्या कारणावरून जामीन. काल गाडीतून उतरले तेव्हा लोक रडत होते. लहान मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. साहेबांनी सगळ्यांना माफ केलं म्हणाले. आम्हाला. माफ.

आज सकाळची फेरी झाली. काठी आमच्या दाराशी थांबली. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. म्हणाले, मुलगी मेहनती आहे, बहिणीसारखीच. मी इस्त्री उचलली होती. मामांनी मागून मिठी मारून धरलं. म्हातारा इतका ताकदवान असेल असं वाटलं नव्हतं.

तिला म्हटलं, आमच्याकडे राहा. ती मामांकडे बघून म्हणाली, या घरात?

५ जानेवारी

ती आली नाही. खोलीला बाहेरून कुलूप. शेजारीण म्हणते, गेली असेल. कुठे? गेली असेल. अख्ख्या रस्त्याला विचारलं. तेच दोन शब्द. तोच सूर. गेली असेल.

चौकीत गेलो. नवा अधिकारी दात कोरत म्हणाला, पळाली असेल, बहीणही पळालीच होती. मी म्हटलं, बहीण जमिनीत सापडली. तो म्हणाला, ते अजून सिद्ध व्हायचंय.

तिची साक्ष परवा आहे.

६ जानेवारी

पहाटेच राखाडी पिशवी आली.

मामांनी पीप आधीच भरून ठेवलं होतं. थंड पाणी. मिठाची बरणी हातात. मला म्हणाले, तू वर जा. मी पिशवीत हात घातला. काहीतरी टोचलं.

पांढरा शर्ट. बाही ओली, लाल. कफाच्या कापडात आरपार घुसलेली सुई. सुईत हिरवा दोरा.

तिने शेवटपर्यंत

तिच्याकडे फक्त तेवढंच होतं. कॉलरमधली सुई. तिने तीच त्याच्या हातात घुसवली. आणि हा माणूस सुई काढायच्या आधी शर्ट धुवायला पाठवतो. कारण त्याला माहीत आहे. थंड पाणी तयार असेल. आम्ही फक्त धुतो.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

भट्टी पेटवली. मामा आडवे आले नाहीत. स्टुलावर बसलेत, बरणी मांडीवर. म्हणतात, पोरा, आपण इथे राहतो रे. माझ्या हातात कपडे उलथायचा लांब दांडा होता आणि मी तो फक्त पाण्यात वापरला, हे त्यांचं नशीब.

कढत पाणी. उकळी येऊ दिली. बाही बुडवून धरली. तपकिरी झाली. पक्की. आता ती कुणाच्या बापाने निघायची नाही.

सुई तशीच ठेवली. इस्त्री केली. कॉलर, पाठ, मग बाह्या. घडी अशी की मामांनीही मान खाली घातली. हँगरला लावला. पुरावा कुलपात नको आता. उजेडात. सगळ्यांसमोर. एकेकाच्या नाकापुढे धरणार, ब्रशवाल्याच्या, पिठाच्या हातांच्या. बघ. हे फक्त काय आहे ते सांग.

फेरीची वेळ झाली. दारं उघडताहेत. ते उभे राहताहेत.

काठी.

बाहेर आलो. मामा आतून हाक मारताहेत, लहानपणीच्या नावाने. मागे हात करून दार ओढून घेतलं. कडी घातली. वही दारावर टेकवून लिहितोय, शर्ट दुसऱ्या हातात, उंच. टाचा— नाही. जुळल्या नाहीत.

काठी थांबली. माना वळल्या. सगळ्या एकदम. साहेबांकडे नाही, शर्टाकडे नाही, माझ्याकडे. ते दारातून उतरताहेत, माझ्या—