आधी इंदरगंज, मग किला गेट

बाई, आज ऑफिसात एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत अडकून बसले, तर?" तिला उत्तर दिलं, आणि तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांसमोर आहात.

आपल्या शहरातली इंदरगंजची आणि किला गेटची रक्तपेढी एक करायचं ठरलं, तेव्हा तुम्ही दोन्हींच्या प्रमुख होतात आणि मी तुमच्या हाताखाली कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहीत होते. ती दुपार. इंदरगंजहून रक्ताची एक पिशवी किला गेटला पाठवायची आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी तिकडून एक इकडे. माझ्या प्रोग्रॅममध्ये पाठवणारी पेढी आधी आपला साठा धरून ठेवायची, मग दुसरीचा मागायची. आम्ही इंदरगंजचा धरून बसलो, त्यांनी किला गेटचा धरला. कुणी सोडेना, स्क्रीन हलेना. कॉम्प्युटरवर नोंद झाल्याशिवाय पिशवी द्यायची नाही, हा नवा नियम. खिडकीशी एक माणूस उभा होता, बायको बाळंतपणात. "मॅडम, और कितनी देर?" तो हळूच विचारत होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तुम्ही उठलात. त्याच्या बायकोच्या रक्ताशी जुळवून ठेवलेली पिशवी पुन्हा तपासलीत, जुन्या रजिस्टरात सही केलीत आणि त्याच्या हातात दिलीत. मी कीबोर्ड बडवत होते, तर तुम्ही म्हणालात, "मशीनवर काय चिडतेस? त्याची काय गलती? एक धरून दुसरं मागायला तूच शिकवलंस त्याला."

दुसऱ्या दिवशी मला तुमच्या दाना ओलीतल्या घरी जेवायला नेलंत. पोळ्या लाटता लाटता म्हणालात, "पिशवी कुठूनही निघो, आधी इंदरगंज धरायचं, मग किला गेट. उलटं कधीच नाही. आणि 'पक्कं ना?' हे कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला आधी विचारून घे, दोन्ही साठे अडवून ठेवून मग नको." मी तसंच केलं. शिवाय ठरावीक वेळात दुसरा साठा मिळाला नाही, तर हातातला सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हेही घातलं. त्यानंतर पेढी कधी अडली नाही. त्या माणसाची बायको आणि नवजात मुलगी सुखरूप घरी गेल्या. तो माणूस तीळ-गुळाच्या गजकचा डबा घेऊन आला, तर तुम्ही तो माझ्याच पुढे सरकवलात.

हे पत्र लिहून कपाटातच राहणार, म्हणून लिहिते. त्या दिवशी जेवताना तुम्ही विचारलं होतंत, "चाचणीत प्रोग्रॅमचं असं कधी झालं होतं का गं?" मी नाही म्हणाले.

झालं होतं, बाई. एकदा. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि कुणाला सांगितलं नाही.