तुझ्या गाडीचे सायलेन्सर

प्रिय भुंग्या,

फोनवर मी तुला सगळं ठीक आहे असं सांगतो, कारण फोन तुझ्या आईच्या पलंगाशेजारी असतो आणि बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत असते. एकदा अंगणात येऊन फोन लावला तेव्हा तू गडबडीत होतास, नंतर करतो म्हणालास. तक्रार नाही. नोकरीत होतो तेव्हा मीही असाच होतो. म्हणून आज लिहायला बसलो आहे. ती आत झोपली आहे.

तुझ्या गाडीला नवे सायलेन्सर बसवले. दोन्ही. तुला विचारलं नाही. तू विचारशील की का, आणि ते नीट क्रमाने सांगितल्याशिवाय तुला कळणार नाही.

जाताना तू म्हणाला होतास, बाबा, रोज एकदा चालू करा, नाहीतर बॅटरी उतरेल. बरेच दिवस मी ती नुसती स्टँडवर उभी ठेवून चालू करायचो आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचो. समोरच्या वकीलबाई कोणाला तरी म्हणाल्या की म्हातारा रोज जागच्या जागी प्रवासाला जातो. मग तुझ्या आईची औषधं वाढली, दवाखाना पायी लांब पडू लागला, आणि मी चालवायला शिकलो. आधी गल्लीच्या टोकापर्यंत. एकदा पडलो, तेही उभ्या गाडीवरून. आता जमतं. गिअर टाकताना तुझ्यासारखा हलका हात नाही, एवढंच.

ते जुने सायलेन्सर तूच पोकळ केले होतेस. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला होतास आणि आतली नळी, जाळी सगळं ओढून बाहेर काढलं होतंस. मिस्त्री तुला छिन्नी देत होता आणि वर म्हणत होता, तुझ्या बाबांना माझं नाव सांगू नकोस. त्या दिवशी गाडी फाटकात आली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. वकीलबाई भांडायला आल्या. मी त्यांच्याच बाजूने होतो. तुझी आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझा मुलगा सांगून येतो, चोरासारखा येत नाही. वकीलबाई आल्या पावली परत फिरल्या. त्या गेल्यावर तिने तुझा कान पिळला ती गोष्ट वेगळी.

गाडी चालवणाऱ्याला गाडीचा आवाज खरा ऐकू येत नाही. तो घरात कसा पोचतो हे मला फार उशिरा समजलं. मी शिंप्याच्या दुकानापाशी वळलो की ती पलंगावर उठून बसायची. केस सारखे करायची. भिंत धरून दारापर्यंत यायची आणि कडी काढायची. मी पायरीवर यायचो तेव्हा दार उघडं आणि ती समोर. आलात का, म्हणायची आणि वळून परत जायची. मला वाटलं, माझ्यासाठी येते. काही दिवस मी त्या समजुतीत सुखात होतो.

डॉक्टरांनी बजावलं होतं की हृदय थकलं आहे, एकदम उठायचं नाही. एका दुपारी मी दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. ती दारामागे पडली होती. कपाळाला खोक, फार खोल नाही. टाके घालताना डॉक्टर रागावले, कशाला उठता हो तुम्ही? ती म्हणाली, गाडी आली ना. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, अगं, गाडीवर मीच असतो, तुला माहीत नाही का? त्यावर ती म्हणाली, मला माहीत आहे हो. पायांना कुठे माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेलो आणि म्हटलं, हिचा आवाज बंद करून दे. तो म्हणाला, काका, आपल्या भुंग्याला विचारलंत? मी म्हटलं, तू त्या वेळी मला विचारलं होतंस का? या मॉडेलचे सायलेन्सर आता कोणी ठेवत नाही. त्याने कुठून कुठून चौकशी करून जोडी मिळवली. इंजिनापाशी जिथे नळी बसते तिथले नट गंजून दगड झाले होते. त्यांवर तेल सोडून त्याने गाडी तशीच ठेवली, मला म्हणाला, जुन्या गाडीवर जोर केला की ती रुसते आणि नटाचा खिळाच मोडून हातात देते. तेल मुरल्यावर नट सुटले, एक सोडून. त्याला आच द्यावी लागली. जुने सायलेन्सर खाली आले तेव्हा त्यांच्या पोटातून गंजाचे पापुद्रे पडले. नवे बसवताना त्याने आधी सगळे नट अर्धेच आवळले, मागे जाऊन एक डोळा मिटून दोन्ही बाजू जुळवल्या आणि मग इंजिनापासून मागे येत घट्ट केले. एक बाजू आधी आवळली की दुसरी कधीच नीट बसत नाही, म्हणाला. चालू केल्यावर नव्या धातूवरचं तेल जळून थोडा धूर झाला. मग त्याने मला मागे बसवून दोन्ही तळहात दोन तोंडांसमोर धरायला लावले. दाब सारखा लागतो का, काका? लागत होता. गाडी नुसती पुटपुटत होती. मिस्त्री म्हणाला, आता तुमच्या वयाला शोभते.

घरी आलो. शिंप्याचं दुकान, वळण, फाटक. दाराला कडी होती. माझ्याजवळच्या किल्लीने मागचं दार उघडून आत गेलो. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कधी आलात, कळलंच नाही, म्हणाली. मला बरं वाटलं. लपवत नाही, खूप बरं वाटलं. मी दोघांना चहा केला.

त्यानंतर ती उठली नाही. आधी मला वाटलं, विश्रांती घेते आहे, शहाणी झाली. मग ताट पलंगावर न्यावं लागू लागलं. कंगवा दिला तर उद्या म्हणायची. व्यायाम करून घ्यायला बाई येते, तिने गुडघा हातात धरून विचारलं, काका, यांचे पाय इतक्यात कसे गेले? परवापर्यंत चालत होत्या ना? ती कशाच्या जोरावर चालत होती हे मी त्या बाईला काय सांगणार?

मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. जुने सायलेन्सर भंगारवाल्याने नेले होते. मी म्हटलं, मग हे पोकळ कर. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो छिन्नी शोधायला लागला. कोऱ्या सायलेन्सरमधून नळी ओढून काढताना त्याचा जीव तुटत होता, पण त्याने काढली. चालू करून म्हणाला, काका, हाच तो. मलाही हुबेहूब वाटला. शिंप्याच्या दुकानापाशी वळलो आणि फाटकात येऊन मुद्दाम तुझ्यासारखा मोठा आवाज केला. वकीलबाईंचा पडदा हलला. मी पायरीवर थांबलो. तिला वेळ लागणार हे धरून थांबलो. कडी वाजली नाही. मागच्या दाराने आत गेलो तर ती जागी होती आणि हसत होती. अहो, तुम्ही कशाला उगाच, म्हणाली. भुंग्या वळणावर गाडी बंद करायचा. पुढे नुसती घरंगळत आणायचा. किल्ली कधी न्यायचा नाही, म्हणून तेवढ्या वेळात मी कडी काढायची. वाजवत दारापर्यंत आला तो फक्त पहिल्या दिवशी.

हे मला माहीत नव्हतं. तू परत यायचास त्या वेळी मी कचेरीत असायचो. मी म्हटलं, उद्या वळणावर बंद करतो. ती म्हणाली, नका करू, आता नाही जमायचं. आणि माझा हात थोपटला, जसा आपण लहान मुलाचा थोपटतो.

आता तिच्या छातीत पाणी होतं. ते काढतात, पुन्हा होतं. डॉक्टर म्हणतात, उठण्या-बसण्याशी याचा संबंध नाही, आजार त्याच्या वाटेने चालला आहे. त्यांनी शिकून सांगितलं, म्हणून मी मान हलवली. काल तपासून बाहेर आल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाले, ज्यांना कळवायचं असेल त्यांना कळवून टाका. मी यादी आठवू लागलो, तर आम्हाला तू एकटाच आहेस. मिस्त्री उद्या सामान आणायला तुझ्या शहरात येतो आहे. पत्र त्याच्या हाती देतो आहे आणि तू पूर्ण वाचेपर्यंत तो दारात उभा राहील, तसं त्यानेच ठरवलं आहे. येताना त्याच्या टेम्पोत शेजारची जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे. तिला मी अजून काही बोललो नाही.

दोघांच्या वतीने,
तुझाच,
बाबा